सहा शिखरांचा उन्हाळा

यंदाही मार्च सरता सरता तो दिवस आला. दुपारी हात धुवायला नळ सोडला तर पाण्याचा चटका बसला. आमच्या सोलापुरात उन्हाळा आधी गच्चीवरच्या टाकीत उतरतो आणि मग घरात येतो. हात लगेच मागे घ्यायचा सोडून मी बोटं तशीच धारेखाली धरली आणि मनातल्या मनात अंदाज बांधू लागले, की एवढ्या गरम पाण्यावर चुंबक किती वेळ तग धरेल? मग माझं मलाच हसू आलं. ज्या चुंबकाची काळजी मी करत होते, तो भंगारात जाऊन जमाना झाला. मी निवृत्त होऊनही बराच काळ लोटला. पण दरवर्षी हे पाणी तापलं, की मी पुन्हा सत्तरच्या दशकातल्या त्या उन्हाळ्यात जाऊन उभी राहते.

गावाच्या कडेला विद्यापीठाचं केंद्र होतं. बैठी इमारत, पुढे लांबलचक व्हरांडा, आवारात कडुनिंब. व्हरांड्याच्या टोकाची खोली आमची. तिथे ते यंत्र होतं. नाव भलंमोठं, इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्स स्पेक्ट्रोमीटर. आम्ही ईपीआर म्हणायचो. नाव ऐकून कुणाला वाटावं की परदेशातून पेटीत बसून आलं असेल, तर तसं काही नव्हतं. सूक्ष्म लहरी निर्माण करणारी नळी आणि त्या लहरी वाहून नेणाऱ्या चौकोनी पितळी नळ्या, हा सगळा ऐवज लष्कराच्या टाकाऊ रडारमधला. माझे संशोधनाचे मार्गदर्शक, आमचे सर, यांनी तो पुण्याच्या भंगार बाजारातून घासाघीस करून आणला होता. चुंबकाची तार सरांनी स्वतः गुंडाळली होती, तीही घरी. सर इथल्याच विणकर कुटुंबातले. घरी तेलुगू, वर्गात इंग्रजी आणि यंत्र बिघडलं की मराठी. त्यांच्या घरातलं कांड्या भरायचं चाक सुताऐवजी तांब्याच्या तारेसाठी काही दिवस कामाला लागलं, आणि घरच्यांनी ते निमूटपणे चालवून घेतलं.

हे यंत्र बघतं काय, असं मला सगळे विचारत. मावशीकडे मी राहायला होते, तिनं तर पहिल्याच आठवड्यात विचारलं. मी सांगितलं, पदार्थात इलेक्ट्रॉन असतात आणि ते बहुतेक जोडीनं राहतात. जोडीतल्या दोघांचं चुंबकत्व एकमेकांना मारून टाकतं, बाहेर काही कळत नाही. पण कुठे एखादा बिनजोडीचा राहिला तर तो इवल्याशा चुंबकासारखा वागतो. त्याला मोठ्या चुंबकात ठेवायचं, वरून लहरी सोडायच्या आणि चुंबकाचा जोर हळूहळू वाढवत न्यायचा. एका नेमक्या जोराला तो लहरींमधली ऊर्जा घेऊन पलटी खातो. त्या क्षणी कागदावर सरळ चाललेलं पेन वर उडी घेतं, तितकंच खाली जातं आणि पुन्हा सरळ चालू लागतं. यंत्राला दिसतो तो फक्त बिनजोडीचा. मावशीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, मग तुला आत बसवलं तर केवढी उडी मारेल ते पेन.

मावशीच्या चेष्टेला कारण होतं. त्या वर्षीच्या लगीनसराईत माझ्यासाठी केम गावचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा रेल्वेत, घरची शेती, माणसं चांगली. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच माझी अडचण होती. आबा, म्हणजे माझे वडील, माढ्याजवळच्या एका साखर कारखान्यात साखर शिजवायच्या कढईवर कामाला होते. त्यांनी मला एमएस्सीपर्यंत शिकू दिलं, संशोधनाला नाव घालू दिलं. पण आता भाऊबंद त्यांना विचारू लागले होते, की पोरगी तितं नेमकं काय करते? वर्ष होत आलं तरी यंत्र अजून धड बोलायला लागलं नव्हतं. अक्षय तृतीयेच्या आत केमच्या लोकांना हो की नाही ते सांगायचं होतं, आणि तोवर माझ्या हातात दाखवण्यासारखं काही नसेल तर मुकाट्यानं हो म्हणायचं, असं आमचं ठरलं होतं.

म्हणून त्या उन्हाळ्यात माझा सगळा जीव पाण्यात अडकला होता. चुंबकाच्या गुंडाळीतून वीज गेली की ती तापे, आणि तिच्या अंगाला लावलेल्या नळीतून गार पाणी खेळवावं लागे. पाणी गार फक्त पहाटे. त्यातून गिरण्यांची पाळी बदलली, भोंगा झाला की विजेचा दाब हेलकावे खाई आणि पेनाची सरळ रेघ दारू प्याल्यासारखी चाले. त्यामुळे उजाडायच्या आत आम्ही हजर. आत पाऊल टाकलं की सरांचा पहिला प्रश्न ठरलेला, पाणी सोडलं का? एकदा मावशी डबा द्यायला आली असताना तिच्या कानावर हे पडलं. घरी आल्यावर तिनं काळजीनं विचारलं, तुझे सर सकाळी सकाळी असं अभद्र का बोलतात, कशावर पाणी सोडायला सांगतात? तिला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली.

यंत्र नीट चालतंय का हे बघायला सरांनी साखर निवडली. साखर बंद मुशीत जाळून तिचा कोळसा केला, की त्यात बिनजोडीचे इलेक्ट्रॉन भरपूर तयार होतात. हे जगाला माहीत होतं. आमच्या यंत्राला ते दिसतात का, एवढाच प्रश्न होता. दुकानातल्या साखरेपेक्षा थेट कारखान्यातली ताजी साखर मिळाली तर बरं, असं सर म्हणाले. मी आबांना निरोप धाडला. हंगाम संपत आला होता, तरी सुट्टी काढून, स्वच्छ फडक्यात साखर बांधून आबा स्वतः पॅसेंजरनं आले.

आबा पहिल्यांदाच तिथे आले होते. व्हरांड्यात बसून त्यांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली. मग चपला काढल्या, पाय धुतले आणि देवळात शिरावं तसे आत आले. यंत्राभोवती एक फेरी मारली. पितळी नळ्यांना हात न लावता वाकून वाकून बघितलं. मी मूस काढून त्यात साखर घालायला लागले तशी त्यांना राहवेना. मी घालू का, असं त्यांनी विचारलं. कढईवरचा माणूस साखरेचा दाणा काचेवर घेऊन अंगठ्यानं दाबून बघतो, हाताला ती सवय. त्यांनी फडक्यातली साखर चिमटीनं मुशीत घातली आणि अंगठ्यानं हलकेच दाबून बसवली. मला तेव्हा फार बरं वाटलं. माझ्या कामाला त्यांचा हात लागावा ही माझी इच्छा होतीच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो कोळसा काचनळीत भरून चुंबकात ठेवला. पाणी सोडलं. चुंबकाचा जोर वाढू लागला. पेन सरळ चाललं होतं आणि अचानक त्यानं एक लहानशी उडी घेतली. मला वाटलं, विजेचा हेलकावा. पण थोडं पुढे जाऊन दुसरी उडी, तितक्याच अंतरावर तिसरी. मग मधोमध कोळशाची ती अपेक्षित उंच उडी आली, जिची आम्ही इतके महिने वाट बघत होतो, आणि आम्हा दोघांचंही तिच्याकडे लक्षच गेलं नाही. कारण तिच्या पलीकडे पुन्हा तशाच तीन. सगळी मिळून सहा बारीक शिखरं, कुणी टेप लावून आखल्यासारखी. सर स्टुलावर बसले. पट्टीनं शिखरांमधली अंतरं मोजली आणि म्हणाले, मँगनीज.

या धातूची सही म्हणजे सहा शिखरं. ती दुसऱ्या कुणाची म्हणून खपत नाही. प्रश्न एवढाच, की साखरेत मँगनीज आलं कुठून? सरांचं डोकं भराभर चालायला लागलं. आपली काळी जमीन, तिच्यातून उसात, उसातून रसात, रसातून साखरेत. एवढ्याशा धातूचा माग शेतापासून कढईपर्यंत काढता आला तर! मी त्या रविवारी माढ्याला गेले आणि आबांना सांगितलं, की तुमच्या साखरेत एक धातू सापडला. सहा शिखरं बोटांवर मोजून दाखवली. आबांनी सगळं विचारून घेतलं. मग केमच्या लोकांकडे गेले आणि एक वर्ष थांबायची विनंती करून आले. कारखान्यात तर त्यांनी ज्याला त्याला गाठून सांगितलं, की माझ्या पोरीनं साखरेत कायतरी शोधून काढलंया.

आणि इकडे ती शिखरं गायब झाली.

त्याच फडक्यातली साखर, तीच मूस, तीच भट्टी. मी पुन्हा कोळसा केला. मधली उंच उडी अगदी झोकात आली, पण आजूबाजूला सपाट माळरान. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पहिली नळी परत ठेवली तर सहाही हजर. म्हणजे यंत्राचा दोष नाही. मग तापमान कमी-जास्त करून पाहिलं, मूस बदलली, फडकं उकळून त्याचं पाणीसुद्धा वाळवून पाहिलं. पाणी तापत चाललं होतं, कामाचा वेळ रोज आखडत होता. केमच्या लोकांनी थांबायला नकार दिला होता. त्यांनाही मुलाचं पाहायचं होतं, त्यात त्यांचं काय चुकलं? आता अक्षय तृतीयेच्या आत आबांना त्यांना पक्कं सांगायचं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता, आणि तरीही खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला भीतीपेक्षा नवल जास्त वाटे. एकाच फडक्यातली साखर, एका मुशीत काहीतरी आहे आणि दुसरीत नाही, हे कसं? जेवताना, वेणी घालताना, मावशीच्या घरामागच्या मागांची खटखट ऐकताना मी तेवढंच घोकत होते.

अक्षय तृतीयेच्या आदल्या आठवड्यात आबा आले ते दुपारचे. ऊन मी म्हणत होतं. आम्ही व्हरांड्यात बसलो. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तंबाखूची डबी काढली, डाव्या तळहातावर चिमूट घेतली, उजव्या अंगठ्यावर चुना घेऊन मळू लागले. मी काय सांगावं याची जुळवाजुळव करत होते आणि ते काही न विचारता मळत होते. तंबाखू तोंडात गेली. अंगठ्यावर थोडा चुना उरला. तंबाखू खाणारा माणूस उरलेल्या चुन्याचं काय करतो हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. एसटी स्टँडचे खांब, कचेऱ्यांचे कोपरे, दाराच्या चौकटी, सगळीकडे ती पांढरी बोटं उमटलेली असतात. आबांचा हातही सवयीनं मागच्या भिंतीकडे गेला. मग त्यांनी त्या स्वच्छ भिंतीकडे पाहिलं, पोरीच्या विद्यापीठाची भिंत ती, आणि हात मागे घेतला. अंगठा तसाच, चुन्यासकट, अधांतरी धरून बसले.

मी त्या अंगठ्याकडे बघतच राहिले. साखर घेऊन आले त्या दिवशीही ते असंच बसले असणार. चपला काढल्या, पाय धुतले, भिंतीला बोट लावलं नाही, आणि तोच अंगठा मुशीतल्या साखरेवर दाबला.

मी त्यांना धरून आत नेलं. अंगठ्यावरचा चुना पात्यानं खरवडून घेतला, वाळवला, नळीत भरला. सर म्हणाले, या उन्हात चुंबक चालवायचा म्हणजे गुंडाळी जाळायची का? पण माझा चेहरा बघितला आणि स्वतः उठून नाक्यावरच्या रसवंतीतून बर्फ घेऊन आले. आबांनी तो फोडून पाण्याच्या टाकीत टाकला. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं, पण काहीतरी महत्त्वाचं आहे एवढं उमगलं होतं. मी चुंबक चालू केला. पेन सरळ चाललं, आणि पहिली उडी आली. आबा माझ्या खांद्यामागून बघत होते. मी शिकवलं होतं तसं ते बोटांवर मोजू लागले. सहावी उडी आली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, हरवलेलं ते परत सापडलं.

आनंदानं उजळलेल्या त्या चेहऱ्याला सांगायचं कसं? पण न सांगता तिथे उभं राहणंही मला जमलं नसतं.

"आबा, ते साखरेत न्हवतं," मी म्हणाले. "तुमच्या अंगठ्याला चुना होता. त्यातलं हाय ते."

आबांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. सर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. साखरेवरचा लेख त्यांनी मनातल्या मनात केव्हाच लिहून काढला होता, त्यांनाही तो क्षण सोपा नव्हता.

"म्हंजे साखरंत काय न्हाय?"

"न्हाय."

"आन् चुन्यात हाय?"

"हाय. पर चुना काय आबा, कुटंबी मिळतो."

ते चिडले असते तरी मला समजलं असतं. कारखानाभर सांगून बसले होते ते. पण त्यांच्या कपाळाला आठी पडली होती ती विचारात पडलेल्या माणसाची.

"सगळ्या चुन्यात आसतं का, का ह्याच्यातच?" त्यांनी विचारलं.

मी सरांकडे पाहिलं. सर वळले. कुठल्या खाणीतला दगड, कुठल्या भट्टीत भाजलेला, किती दिवस भिजवलेला, त्यानं शिखरं बदलतात का, हे आमच्या भागात कुणी बघितलं असल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग चुना बघ की," आबा म्हणाले. "केमकरांस्नी मी सांगतो."

एवढंच. पुढे कित्येक मोठ्या सभांना मी बसले, संशोधनाचा विषय कसा निवडावा यावर लांबच लांब भाषणं ऐकली. माझा विषय त्या दुपारी एका वाक्यात ठरला. कारखान्यात आता काय सांगाल, असं मी विचारलं तेव्हा आबा हसले आणि म्हणाले, सांगीन की साखर सोडून तंबाखूकडं वळली म्हून. आबांना पुढे कितीतरी दिवस त्यावरून चिडवलं गेलं आणि त्यांनी ते गोड मानून घेतलं. सर तर आयुष्यभर, कुणी पाहुणा आला की माझी ओळख करून देत, हिच्या वडिलांनी माझ्या यंत्राला चुना लावला.

नंतरचे महिने मी पानटपऱ्या पालथ्या घातल्या. पान नको, तंबाखू नको, नुसता चुना द्या, असं म्हणणारी बाई पानवाल्यांनी त्याआधी पाहिली नसावी. एकानं मला विचारलं, घर रंगवायचंय का? अक्कलकोटच्या बाजूचा एक पानवाला कन्नडमिश्रित मराठीत रोज नवा तर्क लढवायचा आणि चुना मात्र भरपूर द्यायचा. कुठल्या चुन्याची शिखरं टोकदार, कुठल्याची बसकी, कुठल्यात एखादं आगंतुक शिखर. माझा प्रबंध त्यातूनच उभा राहिला. पुढे नोकरी लागली, यथावकाश लग्नही झालं, माझ्या सवडीनं.

आता ही यंत्रं टेबलावर मावतात. बटण दाबलं की पडद्यावर चित्र उमटतं, पाण्याची विवंचना नाही. मी बघायला जाते तेव्हा तिथली मुलं मला आदरानं खुर्ची देतात. माझ्या डोक्यात मात्र अजून तोच प्रश्न घोळत असतो. त्या दिवशी आबांनी इतर चारचौघांसारखं भिंतीला बोट पुसलं असतं तर? साखरेचा कोळसा ठरल्याप्रमाणे एक उडी मारून गप्प बसला असता. यंत्र चालतं हे सिद्ध झालं असतं, पण दाखवण्यासारखं नवं काही हाती नसतं, आणि मी केमला गेले असते. कदाचित सुखातही असते. पण सगळ्या चुन्यात असतं का, का ह्याच्यातच, हा प्रश्न मग कुणी विचारला असता?

त्या दुपारी आबांना सोडायला मी व्हरांड्यात आले, तेव्हा त्यांनी पुन्हा तंबाखू मळली. अंगठ्यावर पुन्हा चुना उरला. ते आजूबाजूला बघू लागले.

"पुसा की आबा," मी म्हणाले. "हितंच पुसा, भिंतीला."

ते संकोचले. मी पुन्हा म्हणाले तेव्हा इकडे तिकडे बघत त्यांनी आमच्या खोलीच्या दाराशेजारी, कुणाला दिसणार नाही असा खाली, अंगठा पुसला.

पुढे त्या भिंतीला किती वेळा पांढरा हात दिला गेला, कोण जाणे. सफेदीसाठी वापरला तोही चुनाच. त्याखाली आबांचा अंगठा कुठे आहे हे आता यंत्रालाही सांगता यायचं नाही, त्याला सगळीकडे तीच सहा शिखरं दिसतील. आबा जाऊनही खूप उन्हाळे झाले. मी अधूनमधून त्या बाजूला गेले, की दाराशी जरा वाकते, चप्पल नीट करायचं निमित्त करते, आणि भिंतीला तिथे हात लावून येते.